निरोपाआधीचा आठवडा

नमस्कार, श्रोते हो.

सेवाकार्यासाठी परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींचा तिथला शेवटचा आठवडा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. निघण्याआधीच्या तयारीविषयी धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या भाविकांच्या, सभांतून पुष्कळ बोलले जाते आणि परतल्यावर छायाचित्रे दाखवण्याचा कार्यक्रमही हौसेने होतो. परंतु एका अनोळखी गावात दोन आठवडे काढल्यावर परतीची तारीख जवळ दिसू लागली की या मुलांच्या मनात काय चालते, याविषयी कोणी फारसे बोलत नाही. मी वसईची, शाळेत तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका. अशाच अकरा जणांच्या एका गटाबरोबर वडीलधारे माणूस म्हणून मी मे महिन्यात तीन आठवडे फिलिपिन्सला जाऊन आले. तेव्हापासून शेवटच्या आठवड्याकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली आहे.

मिशन या शब्दाची ओळख कोकणाला नवी नाही. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला येऊन राहिले, वेंगुर्ल्याला अमेरिकन मिशनच्या डॉक्टरांनी रुग्णालय चालवले, हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे मिशन समुद्रावरून आपल्याकडे आले, हे आपण जाणतो. आपल्या किनाऱ्यावरूनही ते गेले होते, हे मात्र वसईबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. संत गोन्सालो गार्सिया हे वसईत जन्मले, किल्ल्यातल्या येशूसंघीयांच्या, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या, शाळेत शिकले आणि तरुण वयातच जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन या धर्मसंघात दाखल झाल्यावर ते दुभाषे म्हणून पुन्हा जपानला गेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांबरोबर त्यांना क्रुसावर मरण आले. १८६२ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. वसईच्या या मुलाच्या हातात परतीचे तिकीट नव्हते. आमच्या अकरा जणांच्या हातात ते पहिल्या दिवसापासून होते, आणि शेवटच्या आठवड्याची सगळी अडचण त्या तिकिटातच असते.

इथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते. गोन्सालो गार्सिया यांची पहिली सेवा म्हणजे परक्याची भाषा शिकणे. आज आपली मुले जाण्याआधी एकसारखे टी-शर्ट छापून घेतात, गिटारवर गाणी बसवतात. परंतु जिथे जायचे तिथल्या भाषेतले पन्नास शब्द पाठ करण्याची अट कोणी घालत नाही. ती घालायला हवी. पाणी, भात, दुखते का, पुरे, बसा, आभारी आहे, एवढे शब्द आले तरी माणूस पाहुण्याचा शेजारी होतो.

आम्ही गेलो होतो ते गाव लेते या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी तिथे जे चक्रीवादळ आले, त्याला जग हैयान म्हणते आणि तिथले लोक योलांडा म्हणतात. त्या एका वादळात फिलिपिन्समध्ये सहा हजारांहून अधिक माणसे गेली आणि नारळाची लाखो झाडे आडवी झाली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनच्या, दिवेआगरच्या, दापोलीच्या बागा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना नारळ पडणे म्हणजे काय हे मी वेगळे सांगायला नको. पोप फ्रान्सिस १७ जानेवारी २०१५ रोजी लेतेवरच्या ताक्लोबान शहरात गेले, तेव्हाही वादळी पाऊस होता आणि त्यांनी पिवळा रेनकोट घालून मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, अर्पण केली, ही आठवण तिथली माणसे आपल्या घरचीच गोष्ट असल्यासारखी सांगतात.

तेव्हा धर्म शिकवायला जाण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. फिलिपिन्समध्ये ख्रिस्ती धर्म १५२१ मध्येच पोहोचला आणि आजही बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत. आम्ही तिथल्या धर्मग्रामाच्या निमंत्रणावरून गेलो होतो, आणि काम साधे होते: किनाऱ्यावरच्या छोट्या प्रार्थनामंदिराच्या भिंती घासून रंगवायच्या, दुपारी मुलांना गोळा करून खेळ घ्यायचे, संध्याकाळी गावाबरोबर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची.

पहिला आठवडा नवलाईत जातो. दुसरा कामात जातो. शेवटचा आठवडा मात्र हिशेबाचा असतो. मुले दिवस मोजू लागतात. काहींना घरच्या जेवणाची इतकी आठवण येते की त्यांचे चित्त कामावर राहत नाही, आणि काहींना उलट वाटू लागते की आपण पुरेसे काही केलेच नाही. मग घाई सुरू होते. भिंत संपवायची, खेळ संपवायचे, सगळ्यांबरोबर छायाचित्रे काढायची. या छायाचित्रांविषयी माझे मत कठोर आहे. अनवाणी मुलाला कडेवर घेऊन काढलेले छायाचित्र त्याच्या आईला विचारल्याशिवाय कोणीही काढू नये, मग तो हेतू कितीही चांगला असो. पण मुख्य मुद्दा हा की शेवटच्या आठवड्यात मुले गावाकडे पाहणे सोडून स्वतःच्या कामाकडे पाहू लागतात.

आता मी तुम्हाला जे सांगायला आज इथे बसले आहे, ते सांगते.

आमच्या गटात वसईच्या किल्ल्याजवळच्या कोळीवाड्यातली एक मुलगी होती. वय एकोणीस, सगळ्यांत धाकटी. तिचे इंग्रजी कच्चे होते, तिला गिटार येत नव्हती, आणि रोज रात्री प्रत्येकाने दिवसाचा अनुभव सांगायचा असे ठरले होते, तेव्हा ती मान खाली घालून एवढेच म्हणायची की मला काही सांगायचे नाही. परतीचे विमान शनिवारी होते. बुधवारी रात्री ती माझ्याजवळ येऊन बसली आणि रडू लागली. म्हणाली, "टीचर, माझ्या तिकिटाला धर्मग्रामाने पैसे घातले. लोकांनी वर्गणी दिली. मी इथे येऊन काय केलं? ब्रश तर कोणीही फिरवला असता." तिला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसले.

गुरुवारी आम्हाला गावाकडून निरोपाचे जेवण होते. गावातल्या जवळजवळ सगळ्या बायका सकाळपासून मंदिरामागच्या स्वयंपाकाच्या छपरात गुंतल्या होत्या. मंदिरापुढे वाळूवर जाळी अंथरून त्यावर बारीक मासळी वाळत घातली होती, आणि शेजारी बांबूच्या मांडवांवर मधोमध चिरून उघडलेले मोठे मासे होते. आपल्याकडे वलांडीवर बोंबील टांगतात, तिथे मासे आडवे पसरतात, एवढाच काय तो फरक. राखणीला एकच म्हातारी बाई, डोक्यावर झावळीची विणलेली टोपी घालून बसली होती. श्रोत्यांनी हे ध्यानात ठेवावे: आमच्या निरोपासाठी बायका चुलीपाशी होत्या, आणि म्हणून मासळीपाशी एकच म्हातारी होती.

अकराच्या सुमारास आम्ही आतून भिंत रंगवत होतो. ऊन होते. आमच्यापैकी कोणालाही काही जाणवले नाही, पण ही मुलगी खिडकीजवळ होती, तिने एकदम मान वर केली, ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि म्हणाली, "टीचर, वारा फिरला. पाऊस येतोय." मी बाहेर पाहते तो आकाश निळेच. तोवर ती पायऱ्या उतरून धावत सुटली होती.

आम्ही दारात येऊन पाहिले तेव्हा ती वाळूवर उकिडवी बसून जाळ्याची दोन टोके उचलत होती. म्हातारीने तिच्याकडे एकदा पाहिले, समुद्राकडे एकदा पाहिले, आणि एक शब्दही न बोलता समोरची दोन टोके धरली. चार टोके एकत्र आली, मासळी मधोमध घरंगळली, वर पीळ पडला आणि गाठोडे झाले. मग दुसरे जाळे. मग तिसरे. दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, आणि एकदाही कोणाचा हात चुकला नाही. आमची इतर मुले मदतीला धावली आणि दिसेल ती मासळी दिसेल त्या टोपलीत भरू लागली, तेव्हा आठवड्यातून चार शब्द न बोलणारी ही मुलगी वाळूवर उभी राहून मराठीत ओरडली, "ओलं आणि सुकं एकत्र करू नका! सगळंच कुजेल!" तिथे जमलेल्या एकाही गावकऱ्याला मराठी येत नव्हते, आणि तिने काय सांगितले ते प्रत्येकाला कळले. कालची मासळी एका टोपलीत, आजची दुसऱ्या टोपलीत, मोठे मासे पाटीवर, पाट्या मंदिराच्या ओसरीवर. शेवटची पाटी आत आली आणि मंदिराच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळला की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. एक मांडव भिजला. बाकी सगळे वाचले.

ओसरीवर सगळे ओलेचिंब उभे होतो. म्हातारीने त्या मुलीचा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला आणि तळवा पाहिला. बोटांच्या पेरांवर माशांचे काटे लागून पडलेले जुने बारीक पांढरे वण होते. म्हातारीने आपला तळवा तिच्या तळव्याशेजारी धरला. तेच वण, तिथेच. मग ती हसू लागली. वडीलधाऱ्यांचा हात घेऊन आपल्या कपाळाला टेकवायचा अशी तिथली आशीर्वाद घेण्याची रीत आहे. रोझरी झाल्यावर आपल्याकडेही लहानांनी मोठ्यांचा आशीर्वाद घेण्याची चाल होतीच, आता ती अनेक घरांतून गेली. त्या मुलीने म्हातारीचा हात आपल्या कपाळाला टेकवला, आणि ती पुन्हा रडली, पण हे रडणे बुधवारच्या रात्रीचे नव्हते.

दुपारी ऊन पडले. निरोपाचे जेवण मागे पडले, कारण बायकांनी आधी मासळी पुन्हा पसरली. ती मुलगी त्यांच्यात बसून मासे उलटत राहिली आणि शनिवारपर्यंत तिने पुन्हा ब्रश हातात धरला नाही.

श्रोते हो, आमच्या शाळाशाळांतून परीक्षेच्या गुणांपुढे हातातल्या कामाला किंमत उरलेली नाही, आणि तीस वर्षे शिकवताना त्या मुलीच्या वाड्यातल्या कितीतरी मुलींना मासळीच्या पाटीपासून दूर राहून अभ्यास करा असे मीच सांगितले आहे, याचे मला दुःख आहे. अभ्यास हवाच. पण वारा फिरलेला ओळखणे हेही ज्ञान आहे, आणि ते तिला तिच्या आईने दिले होते.

भिंतीचे सांगायचे राहिले. शुक्रवारी संध्याकाळी वेदीच्या डाव्या बाजूची सुमारे दोन हात भिंत रंगवायची उरली होती. आमच्या गटप्रमुख मुलाला ती गोष्ट फार लागली. रात्री दिवे लावून काम पुरे करू, असे तो म्हणू लागला. तिथल्या धर्मगुरूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितले की ती राहू दे, रविवारी आमची मुले रंगवतील, त्यांनाही आपल्या मंदिराला हात लावायचा आहे. शेवटच्या आठवड्यात काम पुरे करण्यापेक्षा ते गावाच्या हाती सोपवणे अधिक कठीण असते. हे मी पुन्हा सांगते, कारण पुढच्या गटांबरोबर जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे: शेवटच्या आठवड्यात काम कमी करा आणि गावाबरोबर बसणे वाढवा. शुभवर्तमानात शिष्य परत येऊन आपण काय केले, काय शिकवले ते सारे प्रभूला सांगतात, तेव्हा तो त्यांना आधी एकांतात नेतो, थोडा विसावा घ्यायला सांगतो. शेवटच्या दोन संध्याकाळी मुलांना असे निवांत बसू द्यावे. त्या शुक्रवारी रात्री अनुभव सांगण्याची पाळी आली तेव्हा धाकटी सर्वांच्या आधी बोलली, मराठीत बोलली, आणि कोणीही तिला इंग्रजीत बोल म्हणाले नाही.

शनिवारी पहाटे आम्ही निघालो. तिथे आपल्यापेक्षा घड्याळ अडीच तास पुढे असते. वसईत तेव्हा मध्यरात्र उलटली होती. गाडी सुटण्याआधी म्हातारी आली आणि तिने आपली झावळीची टोपी काढून त्या मुलीच्या डोक्यावर ठेवली. टोपीच्या काठाला मिठाची पांढरी रेघ होती.

परतल्यावर मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा मुलीने आईला ती टोपी दिली होती. आईने ती हातात फिरवून पाहिली, नाकाजवळ नेली आणि एवढेच विचारले, "तिकडे कुठली मासळी सुकवतात गं?" पावसाळा सरल्यावर, वलांडी पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा मी एकदा किल्ल्याच्या बाजूने गेले होते. भर दुपारी ती माउली बोंबील टांगत होती, आणि तिच्या डोक्यावर लेतेची ती टोपी होती.

नमस्कार.