उभ्या झाडावर मिळणारे कर्ज

मित्रहो, आजच्या विषयासाठी मी तुम्हाला केरळातल्या वायनाड जिल्ह्यात घेऊन जाणार आहे. कल्पेट्टा आणि सुलतान बत्तेरी या दोन गावांच्या दरम्यान मीनंगाडी नावाची ग्रामपंचायत आहे. ग्रामपंचायत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोन-अडीच हजार वस्तीचे गाव येते. केरळातली पंचायत त्याहून कितीतरी मोठी असते आणि मीनंगाडीची लोकसंख्या 30 हजारांच्या वर आहे. हवामानबदल रोखण्यासाठीचा पॅरिस करार होऊन वर्षही उलटले नव्हते, तेव्हा म्हणजे 2016 साली, या पंचायतीने 2020 पर्यंत आपला कार्बनचा हिशेब शून्यावर आणण्याचा, म्हणजे हवेत जाईल तेवढा कार्बन शोषला जाईल असे करण्याचा, संकल्प सोडला.

झाडे लावण्यापूर्वी त्यांनी जमाखर्च मांडला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ‘थणल’ या संस्थेच्या मदतीने वीज, वाहने, शेती, जनावरे आणि कचरा यांतून हवेत किती कार्बन वायू जातो आणि गावातली झाडे व माती त्यातला किती शोषून घेतात, याची मोजणी झाली. वर्षाला सुमारे 33 हजार टन बाहेर पडत होते, सुमारे 22 हजार टन शोषले जात होते. म्हणजे तूट 11 हजार टनांच्या आसपास. आकडा हाती आल्याशिवाय गावसभेत नुसती भाषणे होतात. तो आला की प्रत्येक घराला आपला वाटा विचारता येतो.

आता झाडांकडे वळू. वायनाडमध्ये कॉफी सावलीत वाढते आणि मिरीचे वेल झाडांच्या खोडांवर चढवलेले असतात, त्यामुळे तिथला शेतकरी मुळात झाडे राखणाराच आहे. पण मिरीवर रोग पडला, भाव कोसळले आणि कर्ज डोक्यावर बसले की त्याच्याजवळ विकण्याजोगे उरते ते झाडच. आपल्याकडेही मुलीच्या लग्नासाठी किंवा मुलाच्या फीसाठी बांधावरचा जुना आंबा लाकूड-व्यापाऱ्याला दिलेला तुम्ही पाहिला असेल. त्या शेतकऱ्याला पर्यावरणाचे महत्त्व पटवून देण्यात अर्थ नसतो, कारण त्याची अडचण पैशाची असते.

मीनंगाडीने नेमके हेच ओळखले. तिथल्या ‘वृक्षबँक’ योजनेत झाडांची स्थाननिश्चितीसह नोंद होते आणि स्थानिक सहकारी बँक प्रत्येक झाडामागे वर्षाला 50 रुपये, असे 10 वर्षे, बिनव्याजी कर्ज देते. झाड हेच तारण असते आणि ते तोडले तरच परतफेडीचा प्रश्न येतो. यासाठी राज्य सरकारने 10 कोटी रुपयांचा निधी दिला. 100 झाडे असणाऱ्याला वर्षाला 5 हजार रुपये मिळतात. ही रक्कम मोठी नाही, हे मान्य करायला हवे. परंतु आजवर ज्याची किंमत आडवे पडल्यावरच ठरत असे, त्याला उभे असताना किंमत आली, आणि तीही गावातल्याच बँकेच्या खतावणीत, हा बदल मला साधा वाटत नाही.

मात्र रोप लावल्याबरोबर भरपूर कार्बन शोषू लागते, असा समज कुणी करून घेऊ नये. पहिल्या काही वर्षांत ते फारच थोडे शोषते. म्हणून चार वर्षांची मुदत मला आरंभापासूनच अपुरी वाटत आली आहे. शिवाय पेट्रोल आणि वीज यांचा वापर घटला नाही, तर नवी झाडे केवळ कार्बनचा वाढता खर्च भागवत राहतील. दिवे बदलणे, छपरावर सौर पॅनेल बसवणे, ओला कचरा घरीच जिरवणे ही कामे झाडांसारखी नजरेत भरत नाहीत, पण खर्चाची बाजू त्यांनीच कमी होते.

महाराष्ट्रात या योजनेची तयारी अर्धी झालेलीच आहे, असे मी म्हणेन. गावोगावी विविध कार्यकारी सोसायट्या आहेत. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी मोबाइलवरून पिकाबरोबर बांधावरच्या झाडांचीही नोंद करू शकतो. ती नोंद सोसायटीच्या कर्जखात्याला जोडावी, एवढा एक ठराव येत्या ग्रामसभेत मांडून पाहा.