टाचेखालचे मिलीमीटर

(दृश्य: लालबाग. चाळीचा लाकडी जिना, मधोमध झिजलेल्या पायऱ्या. उंबऱ्याबाहेर रबरी चपलांचा जोड.)

आत्याच्या डाव्या टाचेवरचा काळा चट्टा नेमका कधीपासूनचा, हे तिलाही आठवत नव्हतं. "अगं, कुरूप आहे ते. जन्मभर उभ्यानं कामं केली, त्याचं बक्षीस." नाक्यावरच्या केमिस्टकडून कॉर्न कॅप आणून लावून झाल्या. पावसाळ्यात तिथून पाणी यायला लागलं, मग हळद झाली. दवाखान्यात नेलं, तर कुणी चप्पल काढायला सांगितलंच नाही. बसल्या जागी मलम लिहून मिळालं. चट्ट्याच्या कडा वेड्यावाकड्या पसरल्या, मधली कातडी सोलली गेली, तेव्हा कुठे तपासणीसाठी तुकडा काढला.

मेलानोमा. हे नाव घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. त्वचेचा कर्करोग म्हणजे उन्हात भाजणाऱ्या गोऱ्या लोकांचा, अशी आपली समजूत. आपल्याकडे हा आजार कमीच, हे खरं. पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, म्हणजे ऊन न पोहोचणाऱ्या जागी. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्यात नखाखाली तो १९७७ मध्ये सापडला. फुटबॉल खेळताना लागलं असेल, असं आधी वाटलं होतं. १९८१ मध्ये तो गेला, तेव्हा ३६ वर्षांचा होता. आपण तर लोकलच्या गर्दीत बोट चेंगरलं असेल म्हणून सोडून देतो.

(दृश्य: परळ. प्रयोगशाळेतली अरुंद खोली. मेणाच्या ठोकळ्यातून सुटणारी पातळ पट्टी.)

टाचेचा तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये भिजतो, मग मेणात बसतो. त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप निघतात आणि ते गुलाबी-जांभळे रंगवले जातात. मायक्रोस्कोपला दोन नळ्या होत्या. एकीतून डॉक्टर बाई बघत होत्या, दुसरीतून मी. वर टाचेची जाड कातडी, तिच्याखाली काळपट पेशींचे पुंजके, कुठे कुठे खाली ओघळल्यासारखे. भिंगातच बारीक फूटपट्टी कोरलेली असते. त्वचेच्या वरच्या ठरावीक थरापासून सगळ्यात खोल गेलेल्या पेशीपर्यंत माप घ्यायचं. वर जखम असेल, तर जखमेच्या तळापासून.

"खरवडून काढलेला तुकडा आला की चिडचिड होते," त्या म्हणाल्या. "तळच कापलेला. खोली मोजू कशी?"

या मापाला ब्रेस्लो जाडी म्हणतात. अलेक्झांडर ब्रेस्लो हे अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट. १९७० मध्ये त्यांनी ९८ रुग्णांच्या गाठी मोजून दाखवलं की, चट्टा किती पसरलाय यापेक्षा तो किती खोल गेलाय हे जास्त महत्त्वाचं. ०.७६ मिलीमीटरपेक्षा पातळ गाठ असलेल्यांपैकी कुणाचाही आजार उलटला नव्हता. योगायोग असा, की आपल्या एटीएम कार्डाची जाडीही ०.७६ मिलीमीटरच.

खोली एवढी महत्त्वाची का, याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. त्वचेच्या अगदी वरच्या थरात रक्तवाहिन्या नसतात. पेशी खाली उतरल्या की त्यांना रक्ताची आणि लसिकेची, म्हणजे शरीरात वाहणाऱ्या पांढुरक्या द्रवाची, वाट सापडते. म्हणून आजची वर्गवारीही मिलीमीटरवरच चालते: १ पर्यंत, २ पर्यंत, ४ पर्यंत, त्याहून खोल. वरची कातडी गाठीनं फोडली असेल, तर तेवढ्याच जाडीची गाठ एक पायरी वाईट धरतात. पेशी किती वेगानं दुभंगताहेत तेही मोजतात. आणि चट्ट्याकडून येणारी लसिका जिथे आधी पोहोचते ती जांघेतली वा काखेतली पहिली लसिकाग्रंथी, म्हणजे सेंटिनल नोड, काढून बघतात. कर्करोग तिथवर पोहोचला असेल, तर हिशेबच बदलतो.

२०१७ च्या वर्गवारीत सगळ्यात पातळ गाठींच्या गटात, पाच वर्षांनंतर शंभरातले ९९ जण या आजारातून वाचलेले दिसतात. चार मिलीमीटरच्या पुढे, वर जखम, पण लसिकाग्रंथींत पसरलेला नाही, अशांत ८२. लसिकाग्रंथींत खूप पसरलेल्यांच्या शेवटच्या गटात ३२. पण हे आकडे अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या रुग्णांचे. तळपायाचा मेलानोमा त्याच टप्प्यावरही जास्त त्रास देतो, त्यामुळे आत्याच्या टाचेला हा तक्ता लावायचा म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणं. मला तो तक्ता मोबाइलवर मिळाला, रात्री दोन वाजता. अशा वेळी बघू नये.

(दृश्य: चाळीतली खोली. आत्या पलंगावर, पाय उशीवर.)

रिपोर्टात लिहिलं होतं: जाडी ३.२ मिलीमीटर, वर जखम आहे. भोवतालची दोन सेंटीमीटर कातडी काढली, मांडीची कातडी टाचेवर लावली. जांघेतली लसिकाग्रंथी स्वच्छ निघाली. आता ठरलेल्या तारखांना जायचं, डॉक्टर टाच बघतात, जांघ चाचपतात.

परवा तिनं विचारलं, "तीन पूर्णांक दोन म्हणजे किती गं?" पर्समधून एटीएम कार्ड काढलं, त्यावर मेट्रोचं, ऑफिसचं, शेजारच्या वहिनींचं. चार कार्डांची चळत तिच्या तळहातावर ठेवली.

तिनं ती अंगठ्यानं दाबून बघितली.

"एवढंसंच?"