साठीच्या आधीची गोष्ट

सकाळचे साडेसहा वाजले आहेत. नागपूरच्या अंबाझरी तलावाकाठी फिरायला आलेल्या ज्येष्ठांच्या घोळक्यात एक आजोबा नेहमी दोन पावले मागे असतात. गप्पांवर ते नुसतीच मान डोलावतात आणि कोणी थेट विचारलेच, तर म्हणतात, "काय बोलून राहिला बाप्पा?" घरी त्यांच्या टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जातो. सांगितलेले निरोप ते विसरतात, आणि घरातले 'साठी बुद्धी नाठी' म्हणून विषय संपवतात. पण जो निरोप कानापर्यंत नीट पोहोचलाच नाही, तो लक्षात राहणार कसा?

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंशाचा संबंध बदलता येण्याजोग्या १४ घटकांशी आहे, आणि मध्यम वयातील श्रवणदोष हा त्यांतला एक मोठा घटक आहे. तुटक शब्द जुळवण्यातच मेंदूची शक्ती खर्ची पडते आणि माणूस हळूहळू बोलणे, मिसळणे टाळू लागतो. श्रवणयंत्र म्हणजे रामबाण उपाय नव्हे. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सर्व सहभागींचा एकत्रित विचार करता फरक दिसला नाही, मात्र ज्यांना धोका मुळातच जास्त होता, त्यांच्यात तीन वर्षांतील बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी आढळली.

रक्तदाबाचे दुखणे याहून छुपे. चाळिशी-पन्नाशीत वाढलेला आणि गोळी मध्येच सोडल्याने वाढतच राहिलेला दाब मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे खराब करतो. मधुमेह आणि तंबाखू त्यात भर घालतात. खर्रा तोंडात धरून गोळीची आठवण करून देणारेही नागपुरात कमी नाहीत!

विसरण्याची काही कारणे मात्र उपचाराने सुधारतात. शाकाहारी आणि त्यातही मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या व्यक्तीत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळू शकते आणि ती रक्ताच्या साध्या तपासणीत कळते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला असताना एखादे वृद्ध दोन दिवसांतच असंबद्ध बोलू लागले, तर तो स्मृतिभ्रंश समजून थांबू नये. शरीरातील पाणी कमी होणे किंवा जंतुसंसर्ग हे कारण असू शकते, त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

आजोबा आता श्रवण तपासणीच्या बंद खोलीत बसले आहेत. कानांवर हेडफोन, हातात बटण. उजव्या कानात आवाज येताच अंगठा दाबला जातो. डाव्या कानात तो तीनदा वाढवावा लागतो, आणि काचेपलीकडे बसलेली सून पहिल्यांदाच त्यांच्या ऐकण्याचा आलेख बघते.