लेन्स उघडायची की तशीच ठेवायची?

मंडळी, लेन्स बिघडली की बहुतेक जण आधी दुकानदाराला विचारतात, "दुरुस्तीला किती लागतील?" त्याआधी दुसरं काही ठरायला हवं: दोष नेमका कुठे आहे? काचेवर, काचेच्या आत, प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्यांवर, ग्रीसमध्ये की केबलमध्ये? हे कळलं की निम्मा निर्णय होऊन जातो. आणि यातलं बरंचसं घरी, स्क्रूड्रायव्हर हातात न घेता कळतं.

सुरुवात टॉर्चने करा. खोलीत अंधार करायचा, लेन्सची दोन्ही टोपणं काढायची, पाती पूर्ण उघडायची आणि मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरपा धरून पुढून आत बघायचं. सरळ प्रकाशात काही कळत नाही, तिरप्या प्रकाशात सगळं उठून दिसतं. धूळ असेल तर सुटे ठिपके दिसतात. बुरशी असेल तर एका बिंदूपासून फुटलेल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शाखा. काच सगळीकडे दुधाळ दिसली तर बहुधा ग्रीसमधलं तेल उडून तिच्यावर बसलंय. आणि कडेला चंदेरी चंद्रकोर किंवा इंद्रधनुषी वलयं दिसली, तर एकमेकींना चिकटवलेल्या दोन भिंगांमधला डिंक सुटतोय.

धुळीबद्दल स्पष्टच सांगतो: धुळीसाठी लेन्स उघडू नका. आतले दहा-वीस कण फोटोत दिसत नाहीत. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडाही सहसा दिसत नाही, कारण तो फोकसच्या फार बाहेर असतो. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र गंभीर. तिथे प्रकाशाचा झोत अरुंद झालेला असतो, त्यामुळे छिद्र लहान केलं की त्या ओरखड्याचा डाग उमटू शकतो. शंका असेल तर खिडकी फोटोच्या चौकटीच्या कडेला घेऊन एफ/१६ वर, म्हणजे छिद्र अगदी लहान करून, एक फोटो काढा (एफपुढचा आकडा मोठा, तेवढं छिद्र लहान). त्यात काही दिसलं नाही, तर ती लेन्स वापरायला चांगली आहे. दुरुस्त करणं आणि टाकून देणं यांच्यामध्ये 'हात न लावणं' हाही निर्णय असतो, आणि तो फार कमी वेळा घेतला जातो.

आता पात्यांकडे येऊ. उन्हात उभ्या गाडीत लेन्स राहिली की फोकसच्या आट्यांमधलं, म्हणजे फोकस करताना फिरणाऱ्या पेचांमधलं, जुनं ग्रीस पातळ होतं, त्यातलं तेल सुटतं आणि पात्यांवर पसरतं. एसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, बटण दाबल्याच्या क्षणी पाती ठरलेल्या छिद्रापर्यंत मिटायला हवीत, आणि त्यांना ओढणारी स्प्रिंग अगदी नाजूक असते. तेलाने पाती एकमेकींना चिकटली की ती उशिरा मिटतात आणि फोटो जास्त उजळ येतो. निकॉनच्या ५५ मिमी एफ/२.८ मायक्रो-निक्कोर या मॅन्युअल लेन्सचा हा प्रसिद्ध आजार आहे.

एफ/२ पर्यंत उघडणारी लेन्स असेल, तर एकसारख्या उजेडातल्या भिंतीसमोर कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा. एक फोटो एफ/२ आणि १/१००० सेकंदावर. मग एफ/११ आणि १/३० वर लागोपाठ सहा. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट; पाच स्टॉप छिद्र लहान केलं, पाच स्टॉप वेळ वाढवला, तेव्हा सगळ्या फोटोंचा मधला भाग सारखाच उजळ यायला हवा. एफ/११ चे फोटो उत्तरोत्तर उजळ होत गेले, तर पाती अडकताहेत. हे काम करून घ्यावं. पाती सुटी करून लायटरच्या पेट्रोलने धुतात आणि कोरडीच बसवतात, तेल अजिबात लावत नाहीत. पण जुनं ग्रीस काढून आट्याही नव्याने ग्रीस केल्या पाहिजेत, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात तेच तेल परत येतं. नुसती पाती पुसून देणारा कारागीर अर्धंच काम करतो.

हाच दोष हेलिओस ४४-२ या जुन्या सोव्हिएत लेन्समध्ये असेल तर मी म्हणेन, राहू द्या. ती प्रीसेट लेन्स आहे. छिद्र आपण हाताने कडं फिरवून लहान करतो, क्षणात मिटायची घाई पात्यांना नाही. काच दुधाळ होत नसेल, तर पात्यांवरच्या तेलाने तिथे काहीच बिघडत नाही. लेन्सची रचना बदलली की निर्णयही बदलतो.

इलेक्ट्रॉनिक लेन्समध्ये पाती छोट्या मोटरवर चालतात आणि तिथे खराब होते ती केबल. कॅननच्या १७-८५ आणि पहिल्या २४-१०५ एल या लेन्समध्ये 'एरर ०१' येण्याचं हे नेहमीचं कारण. जुने कॅमेरे तिथेच 'एरर ९९' दाखवतात. आधी लेन्सचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कपड्याने पुसा. तरीही एरर आला तर छिद्र पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा. तो नीट आला आणि एफ/८ वर एरर आला, तर दोष पात्यांच्या युनिटकडे. मग एफ/८ वरच झूम बदलत जा. काही झूमवर चालतंय आणि काहींवर नाही, असं असेल तर झूमबरोबर वाकणारी चपटी फ्लेक्स केबल बहुधा तडकली आहे. केबल युनिटला सोल्डर केलेली असते, म्हणून बरेच कारागीर केबलसकट अख्खं युनिटच बदलतात. सुटा भाग मिळत असेल तर ही दुरुस्ती करण्याजोगी आहे, कारण काच शाबूत असते.

बुरशीला घड्याळ असतं. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि बुरशीला साधारण ६०-७० टक्के पुरतात. ती वाढताना सोडते ती आम्लं आधी काचेवरचा पातळ लेप, म्हणजे कोटिंग, खातात, मग काच. लवकर काढली तर काच स्वच्छ निघते, उशीर झाला तर बुरशी जाते पण तिच्या जाळ्याची नक्षी कोटिंगवर कोरलेली राहते. म्हणून ती कुठल्या काचेवर आहे ते बघा. पुढच्या किंवा मागच्या भिंगांच्या गटाच्या बाहेरच्या बाजूला असेल तर लगेच द्या. चिकटवलेल्या दोन भिंगांच्या मध्ये शिरली असेल तर खर्च करू नका. कारागीर सहसा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया सम प्रमाणात, त्या वेळेपुरतंच मिसळतात. हे मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नये, वायू साठून बाटली फुटू शकते. स्वच्छ झालेली लेन्स पुन्हा त्याच कपाटात ठेवली तर सगळं फुकट. ४० ते ५० टक्के आर्द्रतेचं कोरडं कपाट नसेल, तर हवाबंद डबा आणि वेळोवेळी गरम करून सुकवलेलं सिलिका जेल तरी हवंच.

सुटलेला डिंक आणि पडून तिरकी झालेली भिंगं, या दोन्हींसाठी माझं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच आहे. तिरकी झाली का, हे बघायला भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, कॅमेरा समोर सरळ धरून छिद्र पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा, मग कॅमेरा उलटा करून पुन्हा काढा. कॅमेऱ्यात नेहमी एकच कोपरा धूसर येत असेल तर दोष लेन्सचा. धूसरपणा भिंतीच्या एकाच बाजूला राहत असेल तर आपण कॅमेरा तिरका धरतोय. सरळ करायला भिंगांच्या गटाखालचे शिम, म्हणजे मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजायचे पातळ वॉशर, कमी-जास्त करावे लागतात आणि मोजायला यंत्र लागतं. ते नसलेला माणूस अंदाजानेच काम करणार.

पैशांचं गणित शेवटी. तीच लेन्स चांगल्या अवस्थेत सेकंडहँड कितीला मिळते ते आधी बघा. समजा ८,००० रुपयांना. तर माझ्या मते दुरुस्ती ४,००० च्या आत असेल तरच करावी, कारण दुरुस्त झालेली लेन्स विकताना पूर्ण भाव मिळत नाही आणि पुन्हा बिघडण्याची जोखीम तुमचीच असते. ज्या लेन्सची जोडच मिळत नाही, तिला हा हिशेब लावू नका.

घरी उघडायचीच असेल तर दोन गोष्टी. जपानी लेन्सचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, खाचेचे असतात. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि खाच खाऊन टाकतो. आणि फोकसच्या आट्या वेगळ्या होतात ती जागा दोन्ही भागांवर सुईने खूण करून ठेवा. त्या आट्यांना सुरुवातीची तोंडं अनेक असतात. चुकीच्या तोंडातून बसवली तर लेन्स छान फिरते, पण अनंतावर, म्हणजे फार दूरच्या वस्तूवर, फोकस होत नाही.

कारागिराकडे देताना भिंतीचे, वर्तमानपत्राचे आणि खिडकीचे फोटो तारखेसकट जपून ठेवा. काय बदलणार आणि शिम परत त्याच जागी जाणार का, हे विचारा. लेन्स परत मिळाली की दुकानातच त्याच सेटिंगवर तेच फोटो काढून मोठे करून बघा, आणि मग बिल द्या.