किल्ल्या कुणाकडे?

नमस्कार श्रोतेहो.

मंडळीच्या, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या, कारभाराचा विषय निघाला की आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांमध्ये दोन गोष्टी हमखास येतात, पाळकसाहेबांची बदली आणि जागेचा खटला. नगरला जा, पुण्याला जा, नागपूरला जा, चहाबरोबर हे दोन विषय ठरलेले. मी आता अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात राहते आणि तिथल्या एपिस्कोपल मंडळीत जाते. आमच्या या मंडळीत बदली नाही आणि खटलाही नाही. भांडणं मात्र भरपूर आहेत. ती कशावरून होतात आणि कशी मिटतात, हे आज सांगायचं आहे.

एपिस्कोपल म्हणजे इंग्रजांच्या अँग्लिकन चर्चचे अमेरिकेतले भाऊबंद. मुंबईचं सेंट थॉमस कॅथीड्रल किंवा कुलाब्याचं अफगाण चर्च ज्या परंपरेतलं, तीच ही परंपरा. आपल्याकडे १९७० साली नागपुरात अँग्लिकन मंडळी इतर पाच पंथांबरोबर एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अमेरिकेतले एपिस्कोपल स्वतंत्रच राहिले. आज त्यांची संख्या पंधरा लाखांच्या आसपास आहे; १९६०च्या दशकात ती याच्या दुपटीहून जास्त होती. रविवारी आमच्या चर्चमध्ये चाळीसएक माणसं असतात, आणि त्यात वेगळं काही नाही. निम्म्याहून अधिक एपिस्कोपल मंडळ्यांत रविवारी पन्नाससुद्धा डोकी नसतात.

अशा मंडळीचा कारभार बघते ती व्हेस्ट्री. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा भरते, बहुतेक ठिकाणी जानेवारीत, उपासनेनंतर जेवणाच्या टेबलांवरच. तिथे व्हेस्ट्रीचे सभासद निवडून येतात, साधारण तीन वर्षांसाठी. पाळकाला इथे रेक्टर म्हणतात. आमच्या रेक्टर बाई आहेत. व्हेस्ट्रीच्या बैठकीत अध्यक्षस्थान त्यांचं. त्यांच्या खालोखाल दोन वॉर्डन. सीनिअर वॉर्डन म्हणजे रेक्टरचा उजवा हात. रेक्टरची जागा रिकामी पडली तर सगळा गाडा त्याच्याच खांद्यावर येतो. ज्युनिअर वॉर्डनकडे इमारत, म्हणजे छप्पर, पन्हळी, बर्फ आणि तळघरातला बॉयलर. खजिनदार आणि चिटणीस वेगळे. ऐकायला हे एखाद्या हाउसिंग सोसायटीच्या कमिटीसारखं वाटेल, आणि निम्मं तसं आहेही.

उरलेलं निम्मं मात्र वेगळं आहे. या चर्चच्या नियमांत एक लक्ष्मणरेषा आखलेली आहे. उपासना कशी व्हायची, कोणती गीतं गायची, वेदीवर काय असायचं, हे रेक्टर ठरवणार. त्यात व्हेस्ट्रीनं बोट घालायचं नाही. पैसा, अंदाजपत्रक आणि मालमत्ता व्हेस्ट्रीकडे. त्यात रेक्टरनं परस्पर काही करायचं नाही. कागदावर हे स्वच्छ आहे. पण चर्चमध्ये अशी एक वस्तू आहे जी रेषेच्या दोन्ही बाजूंना बसते. ती म्हणजे बाक.

गेल्या वर्षी रेक्टरबाईंनी सुचवलं की मागची दोन बाकं काढावीत. चाकांच्या खुर्चीवर येणारी माणसं वाढली होती आणि त्यांना मधल्या वाटेत अवघडून बसावं लागायचं. कुणाला वाटेल, यात वाद घालण्यासारखं काय आहे? पण व्हेस्ट्रीत पहिला प्रश्न आला की हा निर्णय कुणाचा. जिथे उपासना होते ती जागा म्हणून रेक्टरचा, की बाकं मालमत्ता आहेत म्हणून व्हेस्ट्रीचा? दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. त्यातल्या एका बाकाला पितळी पाटी आहे, आणि पाटीवर ज्यांचं नाव आहे त्यांची सून व्हेस्ट्रीवर आहे. बाई शांतपणे म्हणाल्या, "सासरे याच बाकावर बसायचे. तुम्ही ते तळघरात टाकणार का?" कुणी काही बोललं नाही. मग खजिनदारांनी चष्मा पुसला आणि बॉयलरचा विषय काढला. सभेची हवा बिघडली की ते नेहमी बॉयलरवर येतात.

या बाकांचा इतिहास जुना आहे. एके काळी अमेरिकेतली बहुतेक एपिस्कोपल चर्चं बाकांच्या भाड्यावर चालत. पुढचं बाक महाग, मागचं स्वस्त, गरिबाला सज्जात किंवा भिंतीला टेकून जागा. भाडं भरणाऱ्या घराचं बाक ठरलेलं, काही बाकांना तर दारंही असत. न्यूयॉर्कमध्ये विल्यम ऑगस्टस म्यूलेनबर्ग या धर्मगुरूनं १८४६ साली चर्च ऑफ द होली कम्युनियन उघडलं आणि तिथे बाकांचं भाडं घ्यायचंच नाही असं ठरवलं. तेव्हा हे धाडस होतं, कारण भाडं नाही तर पगार कुठून द्यायचा? पुढे हळूहळू सगळीकडे भाडं गेलं. बाकावरचा हक्क मात्र मनातून गेलेला नाही. आमच्याकडे कुणीही भाडं भरत नाही, पण रविवारी कोण कुठे बसणार हे डोळे मिटून सांगता येतं. नव्या माणसानं चुकून तिसऱ्या रांगेत डावीकडे बैठक मारली तर अख्खं चर्च त्याच्याकडे बघतं.

अखेर बाकांचं मिटलं ते असं: रेक्टरबाईंनी अधिकाराची भाषाच केली नाही. त्या स्वतः त्या सुनेच्या घरी गेल्या. पाटी असलेलं बाक काढायचंच नाही, त्याच्या पुढचं आणि मागचं काढायचं असं ठरलं. आता ते एक बाक मोकळ्या जागेच्या मधोमध आहे आणि चाकांच्या खुर्च्या त्याच्या पुढेमागे लागतात. दिसायला विचित्र दिसतं. कुणाची तक्रार नाही.

आता व्हेस्ट्रीला एवढा मान कुठून आला, ते सांगते. अमेरिका इंग्रजांची वसाहत होती तेव्हा तिथे अँग्लिकन चर्चचा एकही बिशप नव्हता. बिशप लंडनला, मधे अटलांटिक महासागर. धर्मगुरू व्हायचं असेल तर जहाजानं इंग्लंडला जावं लागे. त्यामुळे व्हर्जिनियात खरी सत्ता गेली व्हेस्ट्रीच्या हाती. गावातले बारा जमीनदार कर बसवत, गरिबांची सोय बघत, पाळकाचा पगार देत. एक सभासद गेला की उरलेले दुसरा निवडत. लोकांना कुणी विचारत नसे. जॉर्ज वॉशिंग्टनसुद्धा १७६२ साली ट्रूरो पॅरिश या स्थानिक मंडळीच्या व्हेस्ट्रीवर आले. या मंडळींनी एक युक्ती शोधली होती. पाळकाला कायम करायचंच नाही, वर्षावर्षाच्या बोलीवर ठेवायचं. म्हणजे प्रवचनात जमीनदारांना टोचायची त्याची छाती होणार नाही.

पगार तंबाखूत ठरलेला असे, वर्षाला १६,००० पौंड, म्हणजे सात टनांहून जास्त तंबाखू. पीक बुडालं, तंबाखूचा भाव चढला, तेव्हा १७५८ साली तिथल्या विधिमंडळानं कायदा केला की तंबाखूऐवजी पौंडाला दोन पेन्स दराने रोख दिले तरी चालेल. बाजारभाव त्याच्या तिप्पट होता. पाळक खवळले. राजानं कायदा रद्द केला आणि जेम्स मॉरी नावाच्या धर्मगुरूनं थकबाकीसाठी दावा लावला. डिसेंबर १७६३ मध्ये हॅनोवरच्या कोर्टात समोरच्या बाजूनं उभा राहिला पॅट्रिक हेन्री हा तरुण वकील. न्यायासनावर त्याचे वडीलच होते! हेन्रीनं पाळकांना लोभी ठरवलं, लोकांचा कायदा रद्द करणाऱ्या राजालाही सोडलं नाही, आणि ज्युरीनं मॉरीला नुकसानभरपाई दिली एक पेनी. अमेरिकन स्वातंत्र्याच्या इतिहासात या खटल्याचं कौतुक होतं. मला मात्र तो वाचताना मॉरीची कीव येते.

स्वातंत्र्य मिळालं आणि पंचाईत झाली. इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतल्याशिवाय तिथे बिशपपदाची दीक्षा मिळेना. कनेक्टिकटचे सॅम्युएल सीबरी मग स्कॉटलंडला गेले आणि नोव्हेंबर १७८४ मध्ये ॲबर्डीनला बिशप होऊन आले. १७८९ साली फिलाडेल्फियात एपिस्कोपल चर्चची घटना तयार झाली. ज्या शहरात दोन वर्षांपूर्वी देशाची राज्यघटना लिहिली गेली, त्याच शहरात. बिशपांचं एक सभागृह, धर्मगुरू आणि साध्या सभासदांचं दुसरं. दर तीन वर्षांनी अधिवेशन भरतं, आणि दोन्ही सभागृहांची संमती असल्याशिवाय ठराव होत नाही. आमच्या गावची नर्स किंवा मेकॅनिक तिथे प्रतिनिधी म्हणून जाऊ शकते आणि बिशपांचा ठराव पाडू शकते.

अर्थात "सभासद" कुणाला म्हणायचं, यातच खोट होती. त्याच फिलाडेल्फियात ॲब्सलम जोन्स यांनी कृष्णवर्णीयांची सेंट थॉमस मंडळी उभी केली. तिला चर्चमध्ये घेतलं, पण डायोसीझच्या, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या प्रांताच्या, सभेत बसायचं नाही या अटीवर. ही अट १८६०च्या दशकापर्यंत टिकली. स्त्रियांना राष्ट्रीय अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून जागा मिळाली ती १९७० साली. चर्चमधली भांडी घासायला आणि पडदे शिवायला त्या अगदी पहिल्या दिवसापासून होत्या.

जुन्या व्हेस्ट्रीची ती वर्षाच्या बोलीची युक्ती आजच्या नियमांनी मोडून काढली आहे. रेक्टर निवडायचा अधिकार अजूनही मंडळीचा. जागा रिकामी झाली की शोधसमिती नेमतात, मंडळीची माहिती छापतात, उमेदवारांशी बोलतात. निवडलेलं नाव बिशपकडे जातं आणि मग व्हेस्ट्री शिक्कामोर्तब करते. वर्ष सहज जातं. पण एकदा रेक्टर बसला की व्हेस्ट्री त्याला काढू शकत नाही, आणि तोही व्हेस्ट्रीच्या संमतीशिवाय सोडून जाऊ शकत नाही. पटेनासं झालं तर दोघांनी बिशपच्या दारात जायचं. आपल्याकडे डायोसीझनं बदलीचं पत्र पाठवलं की पाळकसाहेब बोजाबिस्तरा बांधतात. कोणती पद्धत चांगली? मला विचाराल तर निवडून आणलेल्या माणसाशी लोक जास्त चिकाटीनं जमवून घेतात. पण नको असलेल्या माणसासोबत अडकतातही जास्त.

पैशाचं सांगायलाच हवं. शरद ऋतूत प्रत्येक घराला एक कार्ड येतं, पुढच्या वर्षी किती देणार ते लिहा म्हणून. त्यावरून अंदाजपत्रक ठरतं. कोण किती देतं हे रेक्टरनं पाहावं की नाही, यावर मंडळ्यामंडळ्यांत वाद आहे. आमच्या बाई पाहत नाहीत. रविवारचं अर्पण दोघांनी मिळून मोजायचं, आणि ते दोघे एका घरातले नसावेत. जमेतला ठरलेला हिस्सा डायोसीझला जातो. रेक्टरच्या पेन्शनसाठी पगाराच्या १८ टक्के वेगळे भरावे लागतात. उरलेल्यात बॉयलर.

सत्तेची ही वाटणी जिथे कुणाच्या लक्षातही येत नाही, अशी एक जागा आहे. वेदीमागच्या खोलीत शनिवारी सकाळी तीनचार बायका जमतात. प्रभुभोजनाचे, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीचे, लिननचे रुमाल धुवायचे, ओलसर असतानाच इस्त्री करायची, ठरलेल्या घड्या घालायच्या. तिथे एक खास मोरी आहे. तिचं पाणी गटारात जात नाही, नळीवाटे थेट जमिनीत मुरतं. पवित्र द्राक्षारसाचा थेंब नाल्यात जाऊ नये म्हणून. या बायका व्हेस्ट्रीवर नाहीत, पण रेक्टरबाईंनी प्याला भलत्या फळीवर ठेवला तर त्यांना ऐकून घ्यावं लागतं. तिथली किल्ली वॉर्डनकडेसुद्धा नाही.

जागेचे खटले इथे झालेच नाहीत असं मात्र समजू नका. १९७९ साली नियम आला की मंडळीच्या नावावर असलेली वास्तू मंडळीनं डायोसीझ आणि संपूर्ण चर्चसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायची. पुढे २००३ नंतर काही मंडळ्या फुटून निघाल्या आणि इमारती घेऊन जाऊ म्हणाल्या. व्हर्जिनियातल्या फॉल्स चर्चचा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ साली एपिस्कोपल डायोसीझच्या बाजूनं लागला. माझ्या मते नियम योग्य आहे. आज बाकावर बसलेल्या चाळीस जणांनी ते छप्पर बांधलेलं नाही.

पण छप्पर सांभाळायचं आहे त्याच चाळिसांना, आणि आमची खरी अडचण ही आहे. व्हेस्ट्रीत नऊ जागा. गेल्या सभेत नावं सुचवा म्हटल्यावर सगळे कॉफीच्या कपात बघायला लागले. शेवटी ज्यांची मुदत संपली होती त्यांनाच, एक वर्षाची सुटी घ्यायचा नियम बाजूला ठेवून, पुन्हा बसवलं. जो अर्पण मोजतो तोच बर्फ ओढतो, तोच बायबल वाचतो. अधिकार वाटायला माणसं तर हवीत ना!

सध्या एक प्रस्ताव समोर आहे. २००१ पासून एपिस्कोपल आणि ल्युथरन या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचं तिथलं सर्वांत मोठं चर्च यांच्यात करार आहे. एकाचा पाळक दुसऱ्याच्या मंडळीत सेवा करू शकतो. दोन रस्ते पलीकडे ल्युथरन मंडळी आहे, आमच्याएवढीच, आणि त्यांचे पाळक निवृत्त होत आहेत. दोघांनी मिळून एक पाळक ठेवावा का, हे बघायला व्हेस्ट्रीनं तीन जणांची समिती नेमली. समितीची पहिली भेट झाली. पाळकाविषयी फारसं काही ठरलं नाही. मात्र त्यांचा बॉयलर दोन वर्षांपूर्वीच नवा घातलेला आहे, हे आमच्या खजिनदारांनी अहवालात पहिल्या ओळीत लिहिलं आहे.