जेतुलिओ वार्गास : गरिबांचा बाप, श्रीमंतांची आई

(दृश्य : 1930 चं धूसर चित्रीकरण. घोडेस्वार, गर्दी, झेंडे.)

नोव्हेंबर 1930. रिओ द जानेरो. ब्राझीलच्या तेव्हाच्या राजधानीतल्या सगळ्यात दिमाखदार रस्त्यावर एक उंच दगडी स्तंभ आहे आणि त्याच्या पायथ्याशी चक्क घोडे बांधलेत. घोडेवाले आलेत दूर दक्षिणेतून, रिओ ग्रांदे दो सुल प्रांतातून. त्यांचा नेता त्याच वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक हरला होता. आता बंड करून तो सत्तेवर बसतोय.

जेतुलिओ वार्गास. अंगाने ठेंगणे, हातात सिगार, चेहऱ्यावर कायम हसू. जन्म 1882 चा, अर्जेंटिनाच्या सीमेलगतच्या साओ बोर्जा गावात, गुराढोरांनी भरलेल्या जमीनदार घराण्यात. ज्यांना पुढे ब्राझील ‘गरिबांचा बाप’ म्हणणार होता, त्यांनी स्वतः गरिबी कधी भोगली नव्हती.

आल्या आल्या समोर उभी राहिली मंदी. कॉफीला कुणी विचारेना. भाव टिकवायला सरकारने कॉफी विकत घेतली आणि जाळली. 1931 ते 1944 या काळात सुमारे 7 कोटी 80 लाख पोती! मळेवाले तगले. ‘गरिबांचा बाप, श्रीमंतांची आई’ अशी शाब्दिक कोटी लोक करत, ती उगाच नव्हे.

(दृश्य : साओ जानुआरिओ स्टेडियम, 1 मे. खचाखच भरलेली गॅलरी.)

पण कारखान्यातल्या माणसाला त्यांनी जे दिलं, ते त्याआधी कुणी दिलं नव्हतं. 1932 मध्ये कामगाराच्या हातात एक छोटी पुस्तिका आली. तिच्यात नाव, फोटो, मालक कोण, पगार किती, सगळं लिहिलेलं. ती खिशात असली की पोलिसांसमोरही मान ताठ राहायची. मग 1940 मध्ये किमान वेतन आणि 1943 मध्ये सगळे कामगार कायदे एकत्र बांधणारी संहिता. घोषणा बहुधा 1 मेच्याच, कधी फुटबॉलच्या मैदानावरून. भाषणाची सुरुवात ठरलेली : “ब्राझीलच्या कामगारांनो!” रेडिओवरून तो आवाज घराघरात जायचा.

या दानाला अटी होत्या. संघटना करा, पण सरकारच्या परवानगीने. संप नको. आणि शेतमजूर नि घरकाम करणाऱ्या बायका? त्यांना ही संहिता लागूच नव्हती. देश तेव्हा मुख्यतः खेड्यात राहत होता, हे ध्यानात घेतलं की ‘गरिबांचा बाप’ या बिरुदातली फट दिसते.

फट कसली, तिच्यामागे तुरुंगही होते. 1937 मध्ये कम्युनिस्ट कटाचा एक बनावट दस्तऐवज पुढे करून वार्गासनी संसद बंद केली, निवडणूक रद्द केली आणि आठ वर्षं हुकूमशाही चालवली. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या सरकारने ओल्गा बेनारिओ या ज्यू कम्युनिस्ट स्त्रीला, ती गरोदर असताना, हिटलरच्या जर्मनीकडे सोपवलं. 1942 मध्ये नाझींनी तिला विषारी वायूने मारलं. वार्गासची कुठलीही कहाणी हे वगळून सांगू नये, असं आम्हाला वाटतं.

1945 मध्ये लष्कराने त्यांना घरी बसवलं. 1950 मध्ये लोकांनी मतं देऊन परत आणलं. या वेळी घोषणा होती, ‘तेल आमचं आहे’. तेलाने माखलेला तळहात दाखवणारा त्यांचा फोटो देशभर गाजला. 1953 मध्ये पेत्रोब्रास ही सरकारी तेल कंपनी उभी राहिली.

(दृश्य : अध्यक्षांचं निवासस्थान, कातेते राजवाडा, ऑगस्ट 1954.)

5 ऑगस्ट 1954. वार्गासवर रोज आग ओकणारे पत्रकार कार्लोस लासेर्दा यांच्यावर गोळीबार झाला. ते बचावले, सोबतचा हवाई दलाचा मेजर ठार झाला. माग निघाला थेट अध्यक्षांच्या अंगरक्षकांच्या प्रमुखापर्यंत. सेनापती राजीनामा मागू लागले. वर्तमानपत्रं तुटून पडली.

24 तारखेच्या सकाळी वार्गासनी आपल्या खोलीत छातीत गोळी झाडून घेतली. मागे एक पत्र. मसुद्यावर भाषणलेखकाचा हात फिरलेला, पण शेवट काळजात घुसणारा : ‘आयुष्यातून बाहेर पडून मी इतिहासात प्रवेश करतो आहे.’

रेडिओवर ते पत्र वाचलं गेलं आणि देशाची हवाच फिरली. विरोधी वर्तमानपत्रांच्या गाड्या जळाल्या, कचेऱ्यांवर दगड पडले. अंत्यदर्शनाला माणसांचा समुद्र लोटला. सत्ता घ्यायला टपलेले मागे सरकले. लष्कराला ती मिळाली 1964 मध्ये, वार्गासचेच शिष्य जुआंव गुलार्त यांना उलथवून.

साओ पावलो प्रांताने मात्र वार्गासना कधी माफ केलं नाही. 1932 मध्ये त्यांच्याविरुद्ध केलेल्या बंडाचा 9 जुलै हा दिवस तिथे आजही सुट्टीचा असतो. घरकामगारांना इतर कामगारांच्या बरोबरीचे हक्क देणारी घटनादुरुस्ती यायला 2013 साल उजाडलं. 1994 मध्ये नवनिर्वाचित अध्यक्ष कार्दोसो यांनी वार्गास युगाला निरोप द्यायची भाषा केली.

आणि लुला? वार्गासनी सरकारच्या दावणीला बांधलेल्या कामगार संघटनांवर टीका करतच 1970 च्या दशकात हा कामगार नेता मोठा झाला. 2006 मध्ये अध्यक्ष म्हणून ते समुद्रातल्या तेलफलाटावर गेले. तिथे त्यांनी हात तेलात बुडवला आणि कॅमेऱ्यासमोर तळवा धरला, अगदी वार्गाससारखा.