शारदा ‘नाही’ म्हणाली असती तर

नमस्कार. संगीत नाटकांवर बोलायला उभं राहिलं की आपण बहुतेक वेळा पदांवर बोलतो. कोणी कोणतं पद कसं गायलं, कुठे वन्समोअर मिळाला, कुणाची तान कशी सुटली. मला आज या नाटकांच्या शेवटांबद्दल बोलायचं आहे. पदांच्या प्रेमात आपण इतके गुंतलो की गोष्ट शेवटी कुठे जाऊन थांबते, आणि ती तिथेच का थांबते, हे विचारायचं राहून गेलं. शेवट बदलून पाहिला की ते कळायला लागतं. आज तेच करून बघू.

सुरुवात ‘संगीत शारदा’पासून करतो. देवलांचं हे नाटक किर्लोस्कर मंडळींनी 1899 साली इंदूरला पहिल्यांदा रंगभूमीवर आणलं. गोष्ट तुम्हाला पाठ आहे. शारदेच्या बापाला, कांचनभटाला, पैशाचा लोभ, भद्रेश्वर दीक्षितासारखा मध्यस्थ, आणि पंचाहत्तरीचा भुजंगनाथ बोहल्यावर चढायला तयार. ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ ही ओळ आजही आपल्या घरांत म्हटली जाते. पण हे लग्न मोडतं कशामुळे? भुजंगनाथ आणि कांचनभट एकाच गोत्राचे निघतात म्हणून. सगोत्र विवाह शास्त्राला मान्य नाही, म्हणून लग्न थांबतं. मग शारदा जीव द्यायला नदीवर जाते, तरुण कोदंड तिला वाचवतो, आणि अर्धवट लागलेल्या लग्नातल्या मुलीचं पुन्हा लग्न होऊ शकतं की नाही याचा निकाल शंकराचार्यांकडून मिळतो.

आता एकच छोटा बदल करा. गोत्रं वेगळी आहेत असं धरा.

त्या क्षणी सगळं नाटक हातातून निसटतं. मुलगी लहान आहे, नवरा म्हातारा आहे, बाप पैसे घेतो आहे, हे सगळं जसंच्या तसं आहे, आणि तरीही लग्न थांबवायला मांडवात काहीही उरत नाही. अन्याय शंभर टक्के तोच आहे, पण एका मुलीच्या आयुष्याचा निर्णय तिच्या बापाच्या आणि तिच्या म्हाताऱ्या वराच्या गोत्रावर अवलंबून आहे. नाटकातलं सगळ्यात मोठं दुःख शारदेच्या गळ्यात आहे, ‘मूर्तिमंत भीती उभी मजसमोर राहिली’ हे पद तिचं आहे, पण शेवट तिच्या हातात नाही. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: आपल्या संगीत नाटकांत उत्तमोत्तम पदं ज्यांच्या वाट्याला आली, त्यांच्या वाट्याला शेवट मात्र आला नाही. आपण नवा शेवट कल्पून पाहायचा तो या दोन गोष्टी एका माणसाच्या ठायी आणण्यासाठी.

देवलांवर मी इथे दोष ठेवत नाही. त्यांचा प्रेक्षक शास्त्र मानणारा होता. संमतिवयाचा कायदा 1891 साली झाला तेव्हा मुलीचं वय दहावरून बारावर नेण्यासाठी केवढा गदारोळ झाला होता! अशा प्रेक्षकाला शास्त्रानेच गप्प करणं ही देवलांची हुशारी होती. पण हुशारीने सोडवलेली गाठ आणि माणसाने सोडवलेली गाठ यांत फरक राहतोच. (अनेकांना वाटतं की 1929 चा बालविवाह रोखणारा शारदा कायदा या नाटकावरून आला. तो अजमेरच्या हरविलास सारडा यांच्या आडनावावरून ओळखला जातो. मुलीचं किमान वय चौदा ठरायला नाटकानंतर तीस वर्षं जावी लागली.)

तर मग वेगळा शेवट कसा असेल? मला तो असा दिसतो.

मांडव तोच. अंतरपाट धरलेला. अलीकडे शारदा, पलीकडे भुजंगनाथ. कोदंडाला बाहेर अडवून ठेवलं आहे. मंगलाष्टकं सुरू आहेत. आपल्याकडे मंगलाष्टकं एकटे भटजी म्हणत नाहीत. आत्या म्हणते, मावशी म्हणते, एखादा हौशी काका घरी रचून आणलेला श्लोक खिशातून चिठ्ठी काढून म्हणतो. शार्दूलविक्रीडित वृत्ताची ती चाल मांडवातल्या प्रत्येकाच्या कानात बसलेली असते. दोन श्लोक होतात. आणि तिसरा श्लोक अंतरपाटाच्या अलीकडून ऐकू येतो. शारदा म्हणते आहे. चाल तीच, वृत्त तेच. पहिल्या चरणाला कोणी दचकतसुद्धा नाही, उलट बायकांना कौतुक वाटतं. दुसऱ्या चरणात ती आपलं वय सांगते आणि त्याचं. तिसऱ्यात आपली किंमत किती ठरली ते सांगते. चौथा चरण ‘कुर्यात् सदा मंगलम्’वर यायचा, लोकांनी अक्षता टाकायला हात उचललेलेही आहेत, आणि त्या जागेवर ती नकार देते. वृत्त कुठेही मोडत नाही. मोडतं ते लग्न.

हा शेवट मला आवडतो याचं कारण तो संगीत नाटकाचा आहे. गद्य नाटकात शारदेला लांबलचक भाषण द्यावं लागलं असतं, आणि असं भाषण करू देणारा मांडव 1899 मध्ये कुठला? पण मंगलाष्टक म्हणणाऱ्याला मधेच कोणी थांबवत नाही. त्या चार ओळींपुरता तिला बोलायचा अधिकार आहे, आणि तो तिला रूढीनेच दिलेला आहे. देवलांनी शास्त्राला शास्त्राने अडवलं, इथे विधीला विधीनेच अडवायचं. तो श्लोक मी लिहिलेला नाही. ते काम कवीचं आहे, आणि ते सोपं नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे त्या काळातली मुलगी असं करणं शक्यच नव्हतं. हा आक्षेप मला मान्य नाही, कारण रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी मोठी झाल्यावर नवऱ्याच्या घरी नांदायला गेली नाही. नवरा, दादाजी भिकाजी, कोर्टात गेला. पहिल्या निकालात ती जिंकली, पुढे 1887 साली मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग चालेल असं सांगितलं. शेवटी 1888 मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, आणि रखमाबाई पुढे विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. ‘शारदा’ रंगभूमीवर येण्याच्या दहा वर्षं आधी ही गोष्ट मुंबईत घडून गेली होती. तिला पाठीशी उभा राहणारा सावत्र बाप होता, डॉक्टर सखाराम अर्जुन, हे खरं. शारदेच्या मागे बापच विकणारा. म्हणून तिचा नकार जास्त महाग पडेल. पण अशक्य म्हणता येणार नाही.

आणि मांडवातून निघून जाण्याची गोष्ट आपल्या परंपरेत आहेच की! जांबच्या नारायणाची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. ‘सावधान’ ऐकलं आणि मुलगा बोहल्यावरून पळाला, पुढे समर्थ रामदास झाला. त्या पळण्याचं आपण कौतुक करतो. शारदा निघाली तर तिच्यासाठी वाट एकच, नदीकडे जाणारी. मुलग्याला टाकळीचा घाट मिळाला, तिला मात्र डोह. माझ्या शेवटात नकार दिल्यावर ती कुठे जाते, हा प्रश्न म्हणूनच मी सोडवलेला नाही. कोदंड आहे, पण लगेच त्याच्या गळ्यात माळ घातली की पुन्हा तेच झालं, एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे. मला वाटतं ती आईबरोबर घरी परत जाते. त्या घरात कांचनभटही आहे. तिथून पुढचा अंक कोणीतरी लिहायला हवा.

आता अवघड नाटकाकडे येतो. ‘एकच प्याला’. गडकरी जानेवारी 1919 मध्ये गेले आणि फेब्रुवारीत गंधर्व मंडळींनी बडोद्याला पहिला प्रयोग केला. लेखकाने हा प्रयोग पाहिलाच नाही. पदंही त्यांची नव्हेत, ती वि. सी. गुर्जरांची. वकील सुधाकराची सनद सहा महिन्यांसाठी रद्द होते, तळीराम पहिला प्याला पुढे करतो, आणि तिथून उतरण. दारूच्या नशेत त्याच्याच हातून मूल जातं, बायको सिंधू जाते. जाताना ती फौजदारापुढे नवऱ्याला वाचवणारी जबानी देते, आणि सुधाकर विष घातलेला शेवटचा प्याला पितो.

वेगळा शेवट सुचवा म्हटलं की लोक पहिल्यांदा म्हणतात, सुधाकर सुधारू दे. तसं केलं तर नाटक दारूबंदीच्या पत्रकाइतकंच उरेल. दुसरा पर्याय सुचतो तो म्हणजे सिंधूने खरं सांगावं. मला हा पर्याय फार दिवस पटत होता. वकील आरोपीच्या पिंजऱ्यात, आणि साक्ष मेलेल्या बायकोची. नाट्य भरपूर आहे. पण तालमीच्या खोलीत हा शेवट करून पाहा, तो उभा राहत नाही. कारण त्याच्या कितीतरी आधी सिंधूने ‘कशि या त्यजू पदाला’ म्हटलेलं असतं. माहेरी चल म्हणणाऱ्यांना तिने दिलेलं ते उत्तर आहे. नवऱ्याचे पाय आहेत तिथेच माझा स्वर्ग, आणि त्याच्यासोबत नरकही स्वर्गच, असा त्याचा अर्थ. आज हा अर्थ तुम्हाला-मला बोचतो. माझ्या ओळखीच्या तरुण मुली हे शब्द ऐकून अस्वस्थ होतात, आणि व्हायलाच हवं. पण चाल सुरू झाली की त्याच मुली माना डोलावतात. बालगंधर्वांनी ज्या आर्जवाने ते पद रुजवलं, त्यात सिंधूचा निर्णय पक्का होऊन जातो. त्यानंतर गद्यात कितीही फिरवा, प्रेक्षकाच्या कानाने आधीच मत दिलेलं असतं.

संगीत नाटकाचा शेवट बदलण्यातली खरी मेख ही आहे. गद्य नाटकाचा शेवट शेवटच्या प्रवेशात बदलता येतो. इथे तो त्या पदाच्या जागी जाऊन बदलावा लागतो, ज्या पदाने माणसाला बांधून टाकलं. सिंधूला वाचवायचं असेल तर फौजदाराच्या प्रवेशात जाऊन उपयोग नाही. माहेराच्या बोलावण्यापाशी जावं लागेल, आणि तिथे ‘कशि या त्यजू’च्या तोडीचं दुसरं पद द्यावं लागेल, जे गाताना ती उंबरा ओलांडेल. तितकं सुंदर नसेल तर प्रेक्षक तिला जाऊ देणार नाही. हे लेखकाचं काम राहत नाही, संगीतकाराचं होतं. म्हणूनच इतकी वर्षं कोणी हात घातला नसावा, असं मला वाटतं.

अभिजात कलाकृतीला हात लावू नये असं म्हणणाऱ्यांना मी ‘शाकुंतला’ची आठवण देतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात ज्या नाटकाने संगीत रंगभूमी सुरू केली, त्या नाटकाचा शेवट मुळात कालिदासाने बदललेला आहे. महाभारताच्या आदिपर्वात अंगठी नाही, दुर्वासाचा शाप नाही. शकुंतला मुलाला घेऊन भर दरबारात येते. दुष्यंताला सगळं आठवतं आहे, तरी तो नाही म्हणतो. मग ती बोलते. बायको म्हणजे पुरुषाचं अर्धं अंग हे ती सांगते, हजार अश्वमेध एका पारड्यात आणि सत्य दुसऱ्यात घातलं तर सत्य जड भरेल हे सांगते, आणि जायला निघते. शेवटी आकाशवाणी होते, पण तोवर तिने दरबार जिंकलेला असतो. कालिदासाने शाप आणून राजाला निर्दोष केलं आणि शकुंतलेची वाचा काढून घेतली. काव्य अपूर्व आहे, त्याबद्दल वाद नाही. पण किर्लोस्करी बाजाची, साकी-दिंडीची पदं व्यासांच्या शकुंतलेला देऊन पाहावी असं मला फार वाटतं. तिच्याकडे म्हणण्यासारखं खूप आहे.

‘सौभद्रा’त अण्णासाहेबांनी स्वतः हे थोडं केलेलंच आहे. महाभारतात सुभद्रेला कोणी विचारत नाही. कृष्ण अर्जुनाला सांगतो, स्वयंवराचा भरवसा नाही, तू हिला उचलून ने. अण्णासाहेबांनी तिला आधीपासून अर्जुनावर प्रेम दिलं आणि ‘वद जाऊ कुणाला शरण ग’ दिलं. हरण तेच राहिलं, पण त्याचा अर्थ पालटला.

परदेशातलं एकच उदाहरण सांगतो, कारण त्याचं आपल्याशी नातं आहे. शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये एलायझा तिला भाषा शिकवणाऱ्या हिगिन्सला सोडून निघून जाते. 1914 च्या लंडनच्या प्रयोगात हिगिन्सची भूमिका करणाऱ्या नटाने शेवटी तिच्याकडे फुलं टाकून प्रेक्षकांना हवं ते सूचित केलं. शॉ भडकला, आणि पुढे तिचं लग्न फ्रेडीशी झालं असं सांगणारी पुरवणीच त्याने लिहिली. तरीही 1956 च्या ‘माय फेअर लेडी’त ती परत येतेच. त्याच नाटकावरून पुलंनी 1975 मध्ये ‘ती फुलराणी’ केलं. शॉचं गद्य रंगभूमीवर चाळीस वर्षं ठाम राहिलं आणि संगीत आल्याबरोबर एलायझा घरी परतली, हे मला विचार करण्यासारखं वाटतं. चाल समेवर यायला बघते, तसा प्रेक्षकही.

ही नाटकं काचेच्या कपाटात कधीच नव्हती. रात्रभर चालणारे प्रयोग तीन तासांवर आले तेव्हा पदांमागून पदं गळली, प्रवेश गेले, पात्रं गेली. ते चाललं. मग एक पद नव्याने घालायला काय हरकत आहे? संगीत राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या संस्था दरवर्षी जुनी नाटकं मेहनतीने उभी करतात. त्यांच्यापैकी एखाद्या मंडळीने मूळ ‘शारदा’ अखंड करावं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच नटसंचात, त्याच ऑर्गन-तबल्यावर, गोत्रं वेगळी असलेली ‘शारदा’ करावी. मंगलाष्टकाचा तो श्लोक लिहायला कवी हवा, आणि गायला अशी मुलगी हवी जिला शार्दूलविक्रीडित न अडखळता म्हणता येईल. इथे बसलेल्यांपैकी कुणाला यातलं काही करायचं असेल, तर व्याख्यान संपल्यावर मी इथेच थांबणार आहे, पेटीही बरोबर आणली आहे.